तालुक्याच्या गावात माहितीपटांची मालिका: दर महिन्याचा खेळ कसा उभा करायचा

१९०१ साली रँग्लर र. पु. परांजपे केंब्रिजहून मुंबईला परतले, तेव्हा सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, त्यांच्या स्वागताचं चित्रीकरण केलं. भारतातल्या अगदी सुरुवातीच्या वार्तापटांत त्याची गणना होते. परांजपे दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे. आपल्याकडे माहितीपटाच्या इतिहासाच्या सुरुवातीलाच कोकणातला माणूस दिसतो आणि आज कोकणातल्या बहुतेक तालुक्याच्या गावांत माहितीपट पडद्यावर, चार माणसांत बसून बघायची सोय नाही. मोबाईलवर सगळं मिळतं हे खरं. पण धरणाखाली गेलेल्या गावाची गोष्ट एकट्याने अंथरुणात पडून बघणं वेगळं, आणि ज्यांचं गाव खरंच गेलं त्यांच्या शेजारी बसून बघणं वेगळं.

आपल्या गावात असा उपक्रम सुरू करावा, असं ज्या तिघाचौघांच्या मनात आहे त्यांच्यासाठी हा लेख आहे. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर बेतलेलं आहे. माहितीपटांची मालिका फिल्म संपल्यानंतरच्या अर्ध्या तासावर जगते. लोक दुसऱ्या महिन्यात परत येतात ते त्या गप्पांसाठी. म्हणून वेळ, जागा, फिल्मची लांबी, आवाज हे ठरवताना प्रत्येक वेळी एकच विचारायचं: यामुळे माणसं फिल्मनंतर थांबतील का?

आधी माणसं, मग छत्र

चार माणसं पुरतात, पण कामं वाटलेली हवीत. एकाने फिल्म आणि परवानग्या बघायच्या, एकाने यंत्रं, एकाने बोलावणं, आणि एकाने चर्चा चालवायची. चर्चा चालवणारा आणि यंत्रं बघणारा एकच माणूस कधीही ठेवू नका. फिल्म संपते तेव्हा त्याचं लक्ष केबलकडे असतं आणि नेमकी तीच वेळ लोकांकडे बघायची असते. चौघांत एखादी बाई असेल तर बायकांची संख्या वाढते, हे गृहीत धरून चाला.

स्वतःची संस्था काढायची घाई नको. नोंदणीला किमान सात सभासद, घटना, धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय, दरवर्षीचे हिशेब, हे सगळं लागतं. पहिली दोन वर्षं एखाद्या चालत्या संस्थेच्या छत्राखाली काढा, आणि कोकणात त्यासाठी वाचनालयासारखी जागा नाही. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं, चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचं. लहान गावांतूनही पन्नास-पाऊणशे वर्षांची वाचनालयं आहेत. त्यांच्याकडे सभागृह असतं, खुर्च्या असतात, लेटरहेड असतं आणि बहुधा नव्या वाचकांची वाट बघणारा ग्रंथपालही असतो. वाचनालयाच्या नावाने गेलेल्या पत्राला पोलीस ठाण्यात आणि फिल्म बनवणाऱ्याकडे, दोन्हीकडे वजन असतं.

वार, वेळ आणि कोकणचं वर्ष

दिवस एकदाच ठरवा आणि हलवू नका. दुसरा शनिवार म्हटला की दुसरा शनिवार. "या महिन्यात कधी आहे?" असं विचारायची वेळ लोकांवर आली की निम्मी माणसं गळतात.

वेळेचा निर्णय एसटी घेते. वाड्यांवरून येणाऱ्यांची शेवटची गाडी किंवा वस्तीची गाडी किती वाजता सुटते ते स्थानकावर जाऊन फळ्यावर बघा आणि तिथून मागे मोजा. गाडी साडेसातची असेल तर सातला सगळं संपलं पाहिजे. म्हणजे साडेपाचला सुरुवात, तासाभराची फिल्म, अर्धा तास गप्पा. साडेपाच ते सात ही वेळ बायकांनाही जमते, रात्रीच्या जेवणाच्या आत घरी पोचता येतं. अडचण एवढीच की उजेड असतो. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, मे महिन्यात सातच्या सुमारास. म्हणून खिडक्या झाकता येतील अशी जागा लागते. त्यावर पुढे येतोच.

वर्षाचं वेळापत्रक मुंबई-पुण्याच्या फिल्म क्लबांवरून उचलू नका. नवरात्र उलटल्यावर ऑक्टोबरमध्ये सुरुवात करा. सिंधुदुर्गात कार्तिकापासून जत्रा आणि दशावतार सुरू होतात. गावच्या जत्रेच्या दिवशी तुमच्याकडे कोणी फिरकणार नाही आणि फिरकूही नये. रत्नागिरीकडे शिमग्यात पालखी घरोघर फिरत असते, ते दिवस मोकळे सोडा. एप्रिल-मे महिन्यांत दोन उलट गोष्टी एकदम होतात: बागायतदार आंबाकाढणीत आणि पेट्या भरण्यात बुडालेले, आणि मुंबईचे चाकरमानी मुलांना घेऊन गावात आलेले. आम्ही मे महिन्यात मुलांना चालेल अशी फिल्म ठेवतो, बागायतदारांची वाट बघत नाही. गणपतीत काही करू नका. घरोघरी आरत्या आणि भजनं असतात, त्यांच्याशी स्पर्धा करण्यात अर्थ नाही.

जून-जुलै बहुतेक जण बंद ठेवतात. मला मात्र मच्छीमार गावांसाठी तेच दोन महिने मोलाचे वाटतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात, माणसं घरी असतात आणि जाळी विणत बसलेली असतात. संध्याकाळी विजेचा भरवसा नसतो, म्हणून दुपारी तीनचा खेळ ठेवा. फक्त पत्र्याच्या छपराखाली नको. पाऊस कोसळायला लागला की स्पीकर कितीही मोठा केला तरी एक वाक्य ऐकू येत नाही.

जागा

देवळाचा सभामंडप मोठा, हवेशीर आणि फुकट असतो, म्हणून पहिलं बोट तिकडेच जातं. थोडं थांबा. आपल्या गावांत मानपान आहेत, वाडीवाडीचे जुने वाद आहेत, आणि कोकणी मुसलमानांची, ख्रिस्ती कुटुंबांची घरंही आहेत. सभामंडपात कोण मोकळेपणी येऊन बसेल आणि कोण दारातूनच परत जाईल, हे तुमच्याइतकं दुसऱ्या कोणाला ठाऊक नाही. शाळा आणि वाचनालय सर्वांचं असतं. मी नेहमी तीच जागा निवडतो, मग ती थोडी लहान असली तरी चालेल. सत्तर माणसांच्या खोलीत पन्नास माणसं बसली की सभा भरल्यासारखी वाटते. तीनशेच्या सभागृहात तीच पन्नास जण हरवून जातात.

समुद्रकिनाऱ्यावर पडदा लावायची कल्पना सगळ्यांना सुचते. वर्षातून एकदा करायला हरकत नाही, पण तिथी बघून करा. पौर्णिमेच्या आगेमागे चांदण्याने पडदा फिका पडतो. संकष्टीनंतर चंद्र रात्री उशिरा उगवतो, त्यामुळे तिथपासून पुढच्या शुक्ल तृतीयेपर्यंत संध्याकाळी अंधार चांगला असतो. त्यातली अमावास्या वगळा, त्या रात्री बाहेर पडायला बरेच लोक नाखूश असतात. शुक्ल द्वितीया-तृतीयेला तिथीच्या पाऊणपट हिशेबाने (तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ) भरती दुपारी दीड ते सव्वादोनला येते, म्हणजे सात-आठ वाजता पाणी पार मागे गेलेलं असतं. गावातल्या होडीवाल्याला नेमकी वेळ विचारा, खाडीच्या मुखाशी फरक पडतो. मेरीटाईम बोर्ड आणि ग्रामपंचायत, दोघांनाही आधी कळवा. आणि वेळास, आंजर्ल्यासारख्या किनाऱ्यांवर कासवांच्या विणीच्या दिवसांत, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते एप्रिल-मे, हा विचारच सोडून द्या. अंड्यातून बाहेर पडलेली पिल्लं समुद्रावरच्या उजेडाकडे बघून पाण्याची वाट धरतात. तुमच्या प्रोजेक्टरचा उजेड त्यांना उलट दिशेला नेतो.

परवानग्या: तीन, आणि तिन्ही वेगळ्या

पहिली परवानगी फिल्म ज्याची आहे त्याची. तिकीट नसलं तरी ती लागते. ओटीटीचं वर्गणीचं खातं घरच्या वापरासाठी असतं, ते सभागृहात लावता येत नाही. यूट्यूबवर फिल्म मोकळी दिसते म्हणून ती सार्वजनिक खेळासाठीही मोकळी आहे, असं होत नाही. चांगली गोष्ट अशी की माहितीपट बनवणारी माणसं सापडतात आणि उत्तर देतात. त्यांनाही फिल्म लोकांपर्यंत जायला हवी असते. पत्र लहान आणि नेमकं लिहा. आमचं पत्र साधारण असं असतं:

"नमस्कार. आम्ही आमच्या वाचनालयात दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी माहितीपट दाखवतो. प्रवेश विनामूल्य असतो, पन्नास-साठ माणसं येतात. आपली फिल्म अमुक तारखेला एकदाच दाखवण्यासाठी परवानगी हवी आहे. प्रत खेळानंतर आम्ही ठेवून घेणार नाही. शुल्क असल्यास कळवावं, आमची तरतूद अमुक रुपयांची आहे. फिल्मला सेन्सॉरचं प्रमाणपत्र आहे का, आणि मराठी उपशीर्षकं आहेत का, तेही कळवावं. नसतील तर आपल्या संमतीने आम्ही तयार करू आणि ती फाईल आपल्यालाही देऊ. खेळानंतरच्या चर्चेत आपण फोनवरून सहभागी झालात तर आम्हाला आनंद होईल."

मराठी उपशीर्षकांचं ते वाक्य महत्त्वाचं आहे. शुल्क द्यायला आपल्याकडे फारसे पैसे नसतात. पण दिग्दर्शकाच्या हातात मराठी उपशीर्षकांची तयार फाईल पडणं ही त्याच्यासाठी खरीखुरी कमाई असते.

जुन्या फिल्मसाठी एक नियम लक्षात ठेवा. आपल्याकडच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटाचा हक्क प्रकाशनाच्या वर्षानंतर ६० वर्षं टिकतो. म्हणजे १९६० साली प्रकाशित झालेली फिल्म २०२० सालच्या अखेरीस मोकळी झाली.

दुसरी गोष्ट सेन्सॉर प्रमाणपत्राची. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याप्रमाणे सार्वजनिक प्रदर्शनासाठी प्रमाणपत्र लागतं, प्रवेश फुकट असला तरीही. स्वतंत्रपणे बनलेल्या पुष्कळ माहितीपटांनी ते घेतलेलं नसतं. नोंदणीकृत फिल्म सोसायट्यांना सभासदांपुरत्या खेळांसाठी सवलत मिळवता येते. त्या वाटेने जायचं असेल तर १९५९ साली सत्यजित राय यांच्या अध्यक्षतेखाली स्थापन झालेल्या फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडियाशी संपर्क साधा. पहिल्या वर्षी मात्र प्रमाणपत्र असलेल्याच फिल्म निवडा आणि प्रमाणपत्राची प्रत फाईलला लावून ठेवा. कोणी तक्रार केली तर एका कागदावर विषय मिटतो.

तिसरी परवानगी पोलीस ठाण्याची, ध्वनिक्षेपकासाठी. उघड्यावर खेळ असेल तर ती लागतेच. बंद सभागृहात असला तरी एक पत्र देऊन पोच घ्या. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा दंडक आहे.

पडदा, प्रोजेक्टर, आवाज, वीज

सुरुवातीला काही विकत घेऊ नका. तालुक्याच्या गावी मंडपवाला किंवा साउंडवाला असतो, त्याच्याकडे प्रोजेक्टर भाड्याने मिळतो. शाळांकडेही असतो. सहा महिने भाड्यावर चालवा. कशाने अडतं ते कळेल, मग घ्या.

पडद्याची रुंदी दहा फूट धरली तर आजच्या रुंद चित्राला उंची साडेपाच फुटांच्या थोडी वर लागते. माणसं सतरंजीवर बसणार असतील तर पडद्याची खालची कड जमिनीपासून चार फुटांवर ठेवा. उपशीर्षकं तळाशी येतात, आणि कड खाली असली की ती पुढच्यांच्या डोक्यांमागे जातात. एकेरी चादर वापरू नका, अर्धा उजेड आरपार जातो. पांढरं जाड कापड दुहेरी शिवून घ्या आणि चारी कडांना रिंगा ठोकून ताणून बांधा. स्वच्छ पांढरी भिंत असेल तर तिच्याइतकं काहीच सोयीचं नाही.

प्रोजेक्टर किती अंतरावर ठेवायचा हे त्याच्या थ्रो रेशोवर, म्हणजे चित्राच्या रुंदीच्या किती पट अंतर लागतं यावर ठरतं. तो आकडा माहितीपत्रकात असतो. रेशो १.५ असेल तर दहा फुटी चित्रासाठी पंधरा फूट अंतर. हा गुणाकार जागा बघायला जाल तेव्हाच करा, नाहीतर प्रोजेक्टर नेमका दाराच्या वाटेत येतो. प्रोजेक्टरचा उजेड लुमेनमध्ये मोजतात. काळोख चांगला असेल तर ३००० लुमेन पुरतात. खिडक्यांतून उजेड झिरपत असेल तर ४००० घ्या. विकत घेताना आकड्यापुढे 'अँसी लुमेन' लिहिलंय का ते बघा. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या यंत्रांवर दहा-दहा हजार लुमेन छापलेले असतात, त्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका.

आवाजाबद्दल मी हट्टी आहे. चित्र थोडं फिकं असलं तर माणसं सोसतात. बोलणं कळलं नाही तर उठून जातात. माहितीपटात माणसं बोलत असतात, त्यात पुन्हा बोलीत, वाऱ्यात, होडीच्या इंजिनाशेजारी. साउंडवाल्याची सवय लग्नाच्या वरातीची असते, तो बेस चढवून ठेवतो. त्याला स्पष्ट सांगा: बेस खाली, मधला आवाज वर, दोन स्पीकर स्टँडवर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या थोडे वर, पडद्याच्या दोन्ही बाजूंना. मग स्वतः शेवटच्या ओळीत जाऊन बसा आणि फिल्ममधल्या सर्वांत अस्पष्ट बोलणाऱ्या माणसाचा भाग लावून ऐका. तो कळला तर बाकी सगळं कळेल. चिऱ्याच्या किंवा सिमेंटच्या उघड्या भिंतींची खोली घुमते. मागच्या आणि बाजूच्या भिंतींवर गोधड्या, जाड चादरी टांगल्या की लगेच फरक पडतो. खिडक्या झाकायला लागतातच, तेव्हा एका कापडात दोन कामं होतात.

विजेचं गणित असं. प्रोजेक्टर साधारण ३०० वॅट, स्पीकर १००, लॅपटॉप ६०, म्हणजे साडेचारशेच्या आसपास. घरगुती ९०० व्हीएचा इन्व्हर्टर आणि १५० अँपिअर-तासाची चांगली बॅटरी असेल तर हे दोन तासांच्या आसपास चालतं, म्हणजे एक फिल्म पार पडते. इन्व्हर्टर साइन वेव्हचा हवा, आणि त्यावर यूपीएसची खटकी असेल तर ती चालू ठेवा. म्हणजे वीज गेल्यावर प्रोजेक्टर बंद पडून पुन्हा सुरू व्हायची वाट बघावी लागत नाही. दिव्याच्या प्रोजेक्टरला मध्येच वीज जाणं मानवत नाही. पंखा थांबतो आणि दिवा आतल्या आत तापत राहतो. खेळाच्या दिवशी सकाळी महावितरणच्या कार्यालयात चौकशी करा. देखभालीसाठी बंद ठेवणार असतील तर तिथे कळतं.

फिल्मची फाईल दोन पेनड्राईव्हवर आणि लॅपटॉपवर, अशी तीन ठिकाणी ठेवा. चार जीबीहून मोठी फाईल फॅट-३२ पद्धतीच्या पेनड्राईव्हवर मावत नाही, तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्या. इंटरनेटवरून थेट कधीही दाखवू नका. लॅपटॉपवरचे सगळे संदेश बंद, स्क्रीनसेव्हर बंद, व्हॉट्सअॅप बंद.

कोणत्या फिल्म?

पहिल्या खेळाला लोकांना ज्यातलं आधीच कळतं अशा विषयाची फिल्म ठेवा. मासेमारी, एखादी नदी, मातीची भांडी, स्थलांतर, शाळा. "लोकांचं प्रबोधन व्हावं" या हेतूने निवडलेली फिल्म लोक पहिल्या पाच मिनिटांत ओळखतात. विषय ओळखीचा असला की प्रेक्षक तज्ज्ञ होतो: "असं जाळं आपण नाही टाकत" असं कोणीतरी अंधारातच बोलतं, आणि तुमची चर्चा तिथेच सुरू झालेली असते.

त्यानंतर एक जवळची, एक लांबची, एक जुनी असं फिरवत ठेवा. जवळची म्हणजे कोकणातली, महाराष्ट्रातली. लांबची म्हणजे लडाखपासून ब्राझीलपर्यंत कुठलीही, फक्त त्यातला प्रश्न आपल्या अंगणातला हवा. जुनीसाठी फिल्म्स डिव्हिजनचा खजिना आहे. १९४८ साली स्थापन झालेली ही संस्था २०२२ साली राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात (एनएफडीसीत) विलीन झाली. गावातल्या म्हाताऱ्या माणसांनी थिएटरात मुख्य सिनेमाआधी तिच्या रिळा पाहिलेल्या असतात. दहा-वीस मिनिटांच्या या फिल्म मुख्य फिल्मच्या आधी लावल्या की उशिरा येणाऱ्यांचीही सोय होते. ग्रामीण भारताविषयीच्या छोट्या फिल्मसाठी पी. साईनाथ यांनी सुरू केलेलं 'पारी' हे संकेतस्थळ बघा, तिथे मराठीतही पुष्कळ मजकूर आहे. पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट आणि मुंबई-पुण्यातल्या माध्यम महाविद्यालयांतले विद्यार्थी दरवर्षी माहितीपट बनवतात. त्यातलं कोणी कोकणातलं असेल तर त्याला गावी बोलवा, ते येतात.

आधीची छोटी फिल्म धरून एकूण लांबी साठ मिनिटांच्या वर नेऊ नका. नव्वद मिनिटांची फिल्म कितीही थोर असली तरी नंतरचा अर्धा तास खाते.

वादाचे विषय टाळावेत असं मी म्हणणार नाही. जैतापूर, नाणार, बारसू ही नावं घेतली की आपल्याकडे घराघरांत दोन बाजू पडतात. पर्ससीन (यंत्रबोटींची घेर टाकणारी मोठी जाळी) आणि रापण (किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचं जाळं) यांचंही तसंच. माहितीपट या विषयांना हात घालणार नसेल तर तो दाखवायचा कशाला? पण हे पहिल्या वर्षी नको. लोकांना तुमच्या खोलीची सवय होऊ द्या, इथे बोलणं कापलं जात नाही याची खात्री पटू द्या. मग तशी फिल्म ठेवा आणि दोन्ही बाजूंच्या माणसांना घरी जाऊन, वेगवेगळं भेटून बोलावणं करा.

मराठी उपशीर्षकं

हिंदी फिल्म बहुतेकांना चालते. इंग्रजीला किंवा मल्याळमला उपशीर्षकं लागतात. 'सबटायटल एडिट' हे मोफत सॉफ्टवेअर वापरा. इंग्रजी उपशीर्षकांची फाईल मिळाली तर वेळा तयार असतात, फक्त मजकूर मराठीत लिहायचा. एका वेळी दोनच ओळी, ओळीत पस्तीस-चाळीस अक्षरांपर्यंत. शब्दाला शब्द लावत बसू नका. माणूस तेवढ्या वेळात वाचू शकेल इतकंच ठेवा. वाचायची सवय सुटलेल्या आजीला ते वाचता आलं पाहिजे.

फाईल यूटीएफ-८ मध्ये जतन करा, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. काही प्लेअरमध्ये जोडाक्षरं फुटतात आणि वेलांट्या भलत्या जागी जातात. तसं होत असेल तर 'हँडब्रेक'सारख्या सॉफ्टवेअरने उपशीर्षकं चित्रातच पक्की करून घ्या, मग कुठल्याही यंत्रावर तशीच दिसतात. आणि प्रेक्षकांत वाचू न शकणारे जास्त असतील, तर एक माणूस माईकवर हळू आवाजात मराठीत सांगत जाऊ दे. कीर्तन आणि दशावतार ऐकत वाढलेल्या लोकांना ते मुळीच खटकत नाही.

बोलावणं

व्हॉट्सअॅपवर पोस्टर टाका, पण त्यावर विसंबू नका. ते पोस्टर तुमच्यासारख्यांनाच जातं. एक कागदी पत्रक एसटी स्थानकावर, एक मासळी बाजारात, एक रेशन दुकानात, एक दवाखान्यात. पत्रकावर दिग्दर्शकाला मिळालेली पारितोषिकं लिहू नका. फिल्म कशाबद्दल आहे ते एका वाक्यात लिहा आणि किती वाजता संपेल ते ठळक लिहा. सुरू कधी होतं यापेक्षा संपतं कधी, हे वाडीवरच्या माणसाला जास्त हवं असतं.

विषयाशी जोडलेल्या चार माणसांना मात्र प्रत्यक्ष भेटून बोलवा. मासेमारीची फिल्म असेल तर रापणकर आणि मासळी विकणाऱ्या बायका खोलीत हव्यात. बचतगटाच्या एका बाईला पटलं की दहा जणी येतात.

खेळाच्या दिवशी

दोन तास आधी पोचा. आधी वीज, मग आवाज, मग चित्र, या क्रमाने. फिल्मची सुरुवात, मध्य आणि शेवट, तिन्ही ठिकाणचं एकेक मिनिट लावून बघा. फाईल अर्ध्यावर तुटलेली असली तर ती फक्त सुरुवात बघून कळत नाही. वायरी जमिनीला चिकटवून टाका. फाटकापासून दारापर्यंतच्या वाटेवर दिवा हवा. रात्रीच्या वेळी गवतात फुरसं असतं आणि अंधारात चपला शोधणाऱ्या माणसाला ते दिसत नाही.

दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, यातलं काहीही ठेवू नका. हे म्हणायला सोपं आणि करायला अवघड आहे, कारण गावातल्या मान्यवरांना व्यासपीठाची सवय असते. व्यासपीठच मांडू नका. सरपंच आले तर आनंदच आहे, त्यांनी सगळ्यांबरोबर बसावं. फिल्मचं नाव, कोणी बनवली, किती मिनिटांची आहे आणि नंतर आपण बोलणार आहोत, एवढं एका मिनिटात सांगा आणि दिवे घालवा.

तो अर्धा तास

फिल्म संपली की सगळे दिवे एकदम लावू नका. एकच लावा आणि थोडं थांबा. नामावली पूर्ण जाऊ दे. लोकांना बघितलेलं जिरवायला क्षणभर लागतो. चहा याच वेळी फिरवा, जागेवर. चहा बाहेर ठेवलात तर माणसं बाहेर जातात आणि परत येत नाहीत.

"फिल्म कशी वाटली?" हा प्रश्न विचारू नका. त्याला "छान" एवढंच उत्तर असतं. असा प्रश्न विचारा की ज्याचं उत्तर फक्त या खोलीतल्या माणसांकडेच आहे. नदीची फिल्म असेल आणि तुम्ही चिपळुणात असाल तर विचारा: "२२ जुलै २०२१ ला तुमच्याकडे पाणी कुठपर्यंत होतं?" चिपळुणातला माणूस बोलायच्या आधी हात वर करून भिंतीवर उंची दाखवतो. मग शेजारचा म्हणतो, "आमच्याकडे त्याच्याही वर." तिथून नदीतला गाळ, धरणाचं पाणी, भरतीची वेळ, बाजारपेठेतलं बांधकाम, सगळं आपोआप येतं आणि फिल्ममधली लांबची नदी आणि वाशिष्ठी एकत्र बोलायला लागतात. रापणीच्या फिल्मनंतर विचारा: "पूर्वी रापण ओढायला किती माणसं यायची, आता किती मिळतात?" एखाद्या म्हाताऱ्या रापणकराने उत्तर द्यायला सुरुवात केली की त्याला मध्ये तोडू नका. तो मालवणीत बोलेल, फिरून फिरून सांगेल, सांगू दे.

दोन प्रकारची माणसं सांभाळावी लागतात. पहिला, माईक हातात आला की भाषण करणारा. म्हणून माईक त्याच्या हातात देऊ नका. तो तुमच्या हातात ठेवा आणि बोलणाऱ्यासमोर धरा, म्हणजे पुढे सरकणंही तुमच्या हातात राहतं. दुसरी, मागे भिंतीला टेकून बसलेली आणि काहीच न बोलणारी बाई. तिला सगळ्यांसमोर नाव घेऊन विचारू नका, ती संकोचेल. "तुमच्या घरी पाणी कोण भरतं, किती लांबून?" असा प्रश्न सगळ्या बायकांना मिळून विचारा. एक बोलली की बाकीच्या तिला दुरुस्त करायला बोलतात.

भांडण झालं तर घाबरू नका. आवाज चढले तर चर्चा फिल्ममधल्या एखाद्या प्रसंगावर आणा: "त्या बाईने जे केलं, ते बरोबर होतं का?" समोरच्या शेजाऱ्याशी भांडण्यापेक्षा पडद्यावरच्या माणसाबद्दल भांडणं सोपं असतं, आणि मुद्दा तोच राहतो. सांगितलेल्या वेळेला थांबा, चर्चा रंगात असली तरी. ती पुढे एसटीत चालते.

दिग्दर्शक फोनवरून जोडला जाणार असेल तर त्याला पहिली दहा मिनिटं फक्त ऐकायला लावा. तो आधी बोलला की लोक विद्यार्थी होऊन बसतात.

पैसे

प्रवेश फुकट ठेवा. तिकीट लावलं की परवानग्या आणि कर दोन्ही बदलतात, आणि जिच्यासाठी हे सगळं चाललंय ती मासळीवाली दारातून परत जाते. वर्षाला ५०० रुपये देणारी वीस माणसं मिळाली की दहा हजार होतात. भाडं, चहा, पत्रकं आणि एखादं नाममात्र प्रदर्शनशुल्क यात वर्ष सुरू करता येतं. मुंबईतली ग्राममंडळं अशा कामाला आनंदाने हातभार लावतात. दुकानदारांकडून रोख मागण्यापेक्षा चहा, साखर, पत्रकांची छपाई मागा. राजकीय पुढाऱ्यांचा बॅनर पडद्याशेजारी लागेल अशी मदत घेऊ नका. तो एकदा लागला की दुसऱ्या बाजूची माणसं येईनाशी होतात. हिशेबाचा कागद वाचनालयाच्या फळ्यावर लावा.

वही आणि पावसाळा

एक वही ठेवा. तारीख, फिल्म, किती माणसं आली, त्यात बायका आणि मुलं किती, चर्चेत कोण काय बोललं याच्या पाच-सहा ओळी. दुसऱ्या दिवशी त्यातल्या चार ओळी फिल्म बनवणाऱ्याला पाठवा. दिल्ली-मुंबईच्या महोत्सवांत फिल्मवर पुष्कळ बोललं जातं, पण आपल्या होडीवाल्याने जाळ्याबद्दल काय म्हटलं हे दिग्दर्शकाला दुसरीकडे कुठे ऐकायला मिळणार? अशा पत्रांमुळेच पुढची फिल्म आपण न मागता येते. वर्षभरानंतर ही वही गावाबद्दलची एक वेगळीच नोंद झालेली असते, तिची झेरॉक्स वाचनालयात ठेवा.

स्वतःची यंत्रं घेतली असतील तर जूनच्या आधी त्यांची व्यवस्था लावा. खाऱ्या, दमट हवेत भिंगाला बुरशी धरते आणि जोडण्यांना गंज चढतो. प्रोजेक्टर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. पुड्यांचा रंग बदलला की त्या मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतात. पावसाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा प्रोजेक्टर बाहेर काढून अर्धा तास चालवा, त्याच्याच उष्णतेने आतली ओल जाते. पडद्याचं कापड घडी घालू नका, बांबूला गुंडाळून वर टांगा. ऑगस्टच्या अखेरीस सगळं एकदा जोडून बघा. काही बिघडलेलं निघालं तर जिल्ह्याच्या गावी दुरुस्तीला पाठवून ऑक्टोबरच्या आत परत आणायला वेळ मिळतो.